गाड्यावर नाव

‘कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा’ ही म्हण आपल्या भाषेत केव्हा आली कोण जाणे. पण ती ज्याने प्रथम उच्चारली त्याने दोन्ही देखावे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असणार. नदीवर पूल नव्हते तेव्हा पलीकडच्या बाजाराला जाणारा गाडा बैल सोडून नावेवर चढवावा लागे. आणि सुताराच्या दारात तयार झालेली नाव नदीपर्यंत न्यायची तर ती गाड्यावरच घालावी लागे. पुढे पूल झाले, देखावे गेले आणि म्हण तेवढी उरली. ‘दिवस पालटतात’ असा तिचा अर्थ आमचे विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण घेऊन मोकळे होतात. नाव गाड्यावर चढवायची म्हणजे किती माणसे लागतात, दोर कुठे बांधायचा आणि पदरचे किती पैसे जातात, हे त्या अर्थात येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात मला त्या म्हणीचा शब्दार्थ पाहायला मिळाला, आणि या दिवाळीला वाचकांपुढे तोच ठेवावा असे मनात आले.

कोल्हापूरच्या माणसाला नाव कशाला हवी, असा प्रश्न पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील. रंकाळ्यावर चार आणे देऊन वल्हवायची नाव आमच्या लहानपणापासून कल्पनेत असते; पण ती हौस झाली. मी सांगतो ती गरज. पंचगंगा ही नावाप्रमाणे पाच नद्यांची: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार दिसणाऱ्या आणि पाचवी सरस्वती, ती गुप्त. प्रयाग चिखलीला या एकत्र येतात, कोल्हापूरला वळसा घालतात आणि सपाटीवरून रमतगमत नृसिंहवाडीला कृष्णेला जाऊन मिळतात. खरी मेख त्या रमतगमत जाण्यात आहे. कृष्णा आधीच भरलेली असली की पंचगंगेला तिथे वाट मिळत नाही. पाणी मागे फुगते आणि काठच्या गावांतून दिवसेंदिवस हलत नाही. आमच्याकडे पूर म्हणजे धावून आलेले पाणी नव्हे, मुक्कामाला आलेले पाणी. राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याची पातळी ३९ फुटांची आणि धोक्याची ४३ फुटांची. पावसाळ्यात हे दोन आकडे आमच्याकडे शेंबडे पोरदेखील सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुण्या-बंगळूरचा हमरस्ता शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. १९८९ चा आणि २००५ चा पूर सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्या वर्षी तोंड मिटले. आणि दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच.

माझी थोरली बहीण अशा एका नदीकाठच्या गावात दिली आहे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. नावेचे पुढे देईन. २०१९ साली आक्का दोन रात्री माळ्यावर होती. तिसऱ्या दिवशी रबराची बोट आली. एन.डी.आर.एफ.चे, लष्कराचे, नौदलाचे जवान त्या दिवसांत देवासारखे आले हे खरेच. पण देवही सगळ्या गावांत एकाच वेळी येऊ शकत नाही. तोपर्यंत गावाने आपल्या जुन्या साधनाने काम चालवले. ते साधन म्हणजे काहील.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गुऱ्हाळात उसाचा रस ज्या अवाढव्य, उथळ, गोल लोखंडी कढईत आटवतात ती काहील. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे धडधडू लागतात, पावसाळ्यात ती बंद, म्हणून काहील रिकामी. पूर आला की शेतकरी ती पाण्यात लोटतो आणि तीत बसून पलीकडच्या वस्तीवर जातो. सर्वांत स्वस्त जुनी नाव हीच. तिला ना कागदपत्र, ना इंजिन, ना नोंदणी. दोष एकच. तिला पुढचे आणि मागचे नाही. वल्हे मारले की ती पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरते. आक्काच्या सासूबाईंना २००५ साली काहिलीतून काढले होते. त्यांना पुढे चार दिवस अंथरुणावर पडल्या पडल्या घर फिरताना दिसे. शिवाय काठ हातभर उंच. एकजण घाबरून उभा राहिला की सगळ्यांचा खेळ आटोपला.

आणि खेळ आटोपतो म्हणजे काय, हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसले. तिथे काहील नव्हती, चांगली नाव होती. पण कृष्णेच्या पुरात सुटकेसाठी तीत झेपतील त्यापेक्षा अधिक माणसे चढली आणि ती उलटली. बायामुलांसकट कितीतरी माणसे गेली. आमच्या भागात त्या दिवसानंतर नावेविषयी बोलताना माणसे आवाज खाली आणतात.

तेव्हा २०२१ चा पूर ओसरल्यावर गावच्या तरुण मंडळाने ठरवले की गणपतीचा मांडव एक वर्ष लहान घालू, पण गावाची नाव घेऊ. वर्गणी फिरली. कोणी हजार दिले, कोणी शंभर दिले, मुंबईच्या गाववाल्यांनी बरे पाठवले. बेरीज झाली १ लाख ९० हजार रुपये. नव्या नावेला, तिच्या इंजिनाला आणि ती वाहून नेणाऱ्या ट्रेलरला मिळून या रकमेच्या दुपटीनेही भागले नसते. म्हणजे जुनी घेणे आले. आमचे दाजी या खटपटीत पुढे. एका रविवारी सकाळी ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “पाव्हणं, मालवणाला जायाचं हाय. शेवटी कागद वाचाय शिकल्याला माणूस लागतोय बघा.”

आमच्या घरातून आतल्या खोलीतून विचारणा झाली, “यांना पोहता तरी येतं का?”

“वैनी, नाव घ्यायला चाललोय, बुडायला न्हाई,” दाजी म्हणाले. आणि आम्ही निघालो. दाजी, मी आणि मंडळाचा एक तरुण, ज्याचे ट्रॅक्टरदुरुस्तीचे दुकान आहे. तिघांत उपयोगाचा माणूस तोच.

मे अखेरीचा मुहूर्त काढला त्यालाही कारण होते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या नावा पावसाच्या तोंडावर बंद होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे या सुमारास नावा किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकायच्या असतात, खलाशांचा हिशेब द्यायचा असतो, मुलांच्या शाळांचे पैसे भरायचे असतात. विकणाऱ्याला पैसा हवा असतो आणि नाव सांभाळायचा कंटाळा आलेला असतो. उलट, श्रावणात नारळी पौर्णिमा तोंडावर आली की तीच नाव पुन्हा देखणी आणि महाग होते.

आपल्याकडे ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ असे म्हणतात. म्हैस डोहात बसली आहे, शिंगे तेवढी दिसताहेत आणि काठावर सौदा चालला आहे. असल्या व्यवहारात कोण फसतो हे सांगायला नको. कोल्हापूरकराला म्हैस समजते. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून घेतल्याशिवाय दूध तोंडाला न लावणारी आम्ही माणसे. म्हैस घेताना आम्ही तिला पाण्याबाहेर काढतो, दात पाहतो, चालवतो, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळच्या धारा स्वतः काढतो. नावेचे त्याहून कठीण आहे. तिला बाहेर पाहावे लागते आणि पाण्यातही पाहावे लागते. बाहेर तिचे पोट दिसते, पाण्यात तिचा स्वभाव.

पहिली नाव पाहिली ती इतकी सुंदर होती की दाजींनी खिशाला हात घातला. निळा-पांढरा ताजा रंग, कडेला लाल पट्टा, नाळेवर हार. आमच्याबरोबर एक म्हातारा मिस्त्री होता. किनाऱ्यावर फायबरच्या नावा दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. तो रंगाकडे पाहीचना. खिशातून रुपयाचे नाणे काढून त्याने नावेच्या पोटावर टकटक करीत एक फेरी घातली. टण्, टण्, टण् आणि मग एके ठिकाणी बद्द.

“तिचो आवाज आयका,” तो मला म्हणाला, आणि पुढच्या नावेकडे चालू लागला.

वाटेत त्याने जे सांगितले ते इथे माझ्या शब्दांत देतो, कारण त्याचे शब्द फार थोडे होते. फायबरची नाव वरून दगडासारखी दिसली तरी आत तिला लाकडाच्या फळ्या असतात. तळाला आडवे-उभे ताण देणाऱ्या पट्ट्या आणि मागे, जिथे इंजिन टांगतात तिथे, जाड प्लायवूड. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरले की हे लाकूड कुजते आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून नाणे वाजवायचे. घट्ट ठिकाणी खणखणीत आवाज, कुजक्या ठिकाणी बद्द. मग इंजिन दोन हातांनी धरून वर-खाली हलवायचे आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यांकडे पाहायचे. तिथे केसाएवढी चीर उघडझाप करीत असेल तर हात जोडून घरी जायचे. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर लहान लहान फोड आले असतील तर फायबरच्या थरांत पाणी मुरले आहे. आतून पाय देऊन चालायचे. तळ गादीसारखा दबला की तीही नको. आणि विक्रीच्या आठवड्यात रंगवलेली नाव ही पावडर लावून बसवलेल्या मुलीसारखी पाहायची. (ही शेवटची उपमा माझ्या पिढीची आहे, आजच्या मुलींनी राग धरू नये.)

दुसरी नाव आमच्या मनासारखी. खाली ट्रेलर, मागे इंजिन, सगळे एकत्र. सांगितलेली किंमत ३ लाख. पैसे पुरण्यासारखे नव्हते तरी पाहायला पैसे पडत नाहीत. मालक बोलका होता. आम्ही येण्यापूर्वीच त्याने इंजिन चालू करून ठेवले होते. ते आम्हाला मोठ्या आदराचे वाटले. पण आमच्या ट्रॅक्टरवाल्याने नुसता हात लावून तोंड वाकडे केले. थंड इंजिन पहिल्या ओढीत सुरू होते की दहाव्या, हेच तर पाहायचे असते! तापवून ठेवलेले इंजिन म्हणजे आधीच शिकवून आणलेला साक्षीदार. मग त्याने खालच्या गिअरच्या पेटीचा स्क्रू ढिला केला. तेल बाहेर आले ते पांढरे, दुधाळ. याचा अर्थ आत समुद्र शिरला आहे. दाजी बराच वेळ त्या थेंबाकडे पाहत होते. म्हणाले, “म्हशीत दूध दिसलं तर पैसं द्यायचं, आन हितं दूध दिसलं तर पळायचं. न्यारंच हाय.”

ट्रेलरची कथा आणखी बोधप्रद. रंग चांगला होता, पण खारे पाणी कुठे मारते हे रंगाला ठाऊक नसते. नाव उतरवताना ट्रेलर उलटा पाण्यात घालतात, चाके बुडतात, तापलेल्या बेअरिंगांत पाणी ओढले जाते, वंगण धुतले जाते. मग चाक जॅकवर उचलून फिरवले की खरखर ऐकू येते. आमच्या ट्रॅक्टरवाल्याने ती ऐकवली. पाटे गंजून पापुद्रे सुटलेले. टायरांची नक्षी नवी, पण कडेला भेगा. कारण ते धावून झिजले नव्हते, उभे राहून म्हातारे झाले होते. आणि मग माझे काम आले. कागद मागितले. नावेचे होते, इंजिनाची पावती होती, ट्रेलरचे काहीच नव्हते. “त्याला कशाला कागद? त्याला काय इंजिन आहे?” मालक म्हणाला. आता १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाची जी व्याख्या आहे तीत ट्रेलरचा नावानिशी समावेश आहे. इंजिन नसले तरी तो कायद्याने मोटारच. त्याला नोंदणी हवी, नंबर हवा. घाटात पहिल्याच पोलिसाने हात केला असता तर गावची वर्गणी तिथेच थांबली असती.

व्याख्या वाचण्याचा मला पगार मिळतो, त्याचा गावाला एवढा तरी उपयोग झाला.

कागदांचे आणखी थोडे सांगतो. किनाऱ्यावरच्या बऱ्याच नावा कर्ज काढून घेतलेल्या असतात. तेव्हा कर्ज फिटल्याचा दाखला पाहावा. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच माणूस समोर बसला आहे ना, हेही पाहावे; काका-पुतण्यांच्या नावा फार. आणि देशांतर्गत पाण्यावर, म्हणजे नदी-तलावांवर, इंजिनाची नाव चालवायची तर १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे. त्याखाली नोंदणी आणि पाहणी करून घ्यावी लागते. ही दगदग आहे खरी. पण पुरात नाव उलटली तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याचे काही चुकत नाही.

तिसरी नाव कुणी दाखवली नाही, ती दिसली. माडांच्या सावलीत पालथी पडली होती. सोळा फुटांची, तळ बराचसा सपाट, रंग उडालेला, एका कडेला ठिगळ. मिस्त्रीने नाणे वाजवत फेरी घातली, दुसरी घातली, आणि पहिल्यांदाच तो खाली बसला आणि त्याने विडी पेटवली. आम्ही समजलो. समुद्रात लाट कापायला टोकदार तळ हवा. पण आमच्या गावात लाट कुठली? पाण्याखाली कुंपणाच्या तारा, विहिरींचे कठडे, विजेचे खांब आणि बुडालेला ऊस. तिथे वीतभर पाण्यावर तरंगणारा सपाट तळच बरा. वेगाचेही तसेच. पंख्यात उसाचा पाला अडकला की शंभर घोड्यांचे इंजिनही गप्प बसते. म्हणून लहान इंजिन आणि चांगली चार वल्ही. पंधरा अश्वशक्तीचे एक जुने इंजिन शेजारच्याच वाडीत मिळाले. ते थंड होते, तिसऱ्या ओढीला सुरू झाले, मागून थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात पडली, आणि पेटीतले तेल काळे निघाले. काळे पाहून इतका आनंद झाल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

सौदा दाजींनी केला. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात हातावर रुमाल टाकून खाली बोटे दाबून भाव करतात. तोंडाने आकडा उच्चारत नाहीत. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल मालकाच्या हातावर टाकला आणि आत बोटे धरली. तो सज्जन माणूस पांढराफटक पडला. त्याला वाटले, पाहुण्यांना काही झाले! शेवटी सोलकढी पिऊन उघड्या तोंडाने भाव ठरला. नाव ७२ हजार, इंजिन ५५ हजार. दोन्ही आधी पाण्यात घालून तासभर चालवली, आम्ही सगळे एका कडेला बसून पाहिले, मग पैसे दिले.

तिथे मला एक जुना गमतीचा मुद्दा पुन्हा आठवला. किनाऱ्यावर नावेबरोबर नांगरही घ्यावा लागतो. आमच्या घाटावरचा नांगर जमीन फाडतो, तो संस्कृत ‘लांगल’ शब्दावरून आलेला. आणि कोकणातला नांगर नाव थांबवतो, तो फारशी ‘लंगर’. दोघे दोन दिशांनी चालत आले आणि मराठीत येऊन एकच झाले. सुकाणू अरबी, नाखवा फारशी. आपल्या नावेवरचे निम्मे सामान असे परदेशचे आहे. दाजींना हे सांगितले तर ते म्हणाले, “त्येची पावती घ्या म्हंजे झालं.”

आता गाड्याचा प्रश्न. ट्रेलर न घेता नाव आणायची कशी? येताना एका टेंपोत गवताच्या पेंढ्या अंथरून तिला बांधली. भाडे ११ हजार. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलातून, गव्यांच्या अभयारण्यातून, आमची नाव चालली होती. राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणाशी चहाला थांबलो तेव्हा पोरे जमली. त्या धरणाचे सात दरवाजे पाणी चढले की आपोआप उघडतात, आणि ते उघडले की खालच्या गावांच्या पोटात गोळा येतो. एका पोराने नावेकडे पाहून विचारले, “धरणात सोडणार काय?” टेंपोवाला म्हणाला, “न्हाई रं, धरान हिच्यात सोडणार.”

गावातल्या गावात ती हलवायला मात्र गाडा हवाच होता. पाणी कोणत्या बाजूने आधी चढेल याचा नेम नसतो. नाव शाळेशी आणि माणसे देवळाशी, असे झाले तर नाव असून नसल्यासारखी. उपाय ट्रॅक्टरवाल्याने काढला. गावात उसाच्या ट्रॉल्या डझनभर, सगळ्या नोंदणीच्या, आणि पावसाळ्यात रिकाम्या. त्यांतली मागे कलणारी एक घेतली. उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून लोखंडी नळ्यांची चौकट करून आणली, नळ्या फिरत्या. ट्रॉली उलटी पाण्याच्या कडेला न्यायची, कलवायची, दोर हळूहळू सोडायचा. नाव नळ्यांवरून घरंगळत पाण्यात. चाके फारशी भिजतही नाहीत. समुद्रकाठच्या ट्रेलरवर लाखभर घालण्यापेक्षा ही युक्ती मला शंभरदा पसंत. ज्या गावात मोकळा ट्रॅक्टर आहे त्याने ट्रेलर शोधत फिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी घ्यावा, पण नावेइतकाच तपासून.

चौकट, ठिगळ आणि रंग यांना १५ हजार गेले. वल्ही, दोर आणि नांगर साडेसहा हजार. तरंगायची जाकिटे दहा, १४ हजार रुपयांची, आणि ती मात्र कोरी घेतली. जुन्या जाकिटाच्या आतला फोम बसलेला असतो आणि ते बुडणाऱ्याच्या गळ्यातच कळते. उरले साडेसोळा हजार. ते पेट्रोल, तेल आणि नोंदणीच्या खर्चासाठी बँकेत टाकले. हिशेब देवळाच्या भिंतीवर लावला. आमच्याकडे हिशेब भिंतीवर लावल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही, आणि लावल्यावरही दोघातिघांचा बसत नाही.

नावेला नाव ठेवायचे होते. त्याआधी लोकांनी नावे ठेवून घेतली. “एवढ्या पैशात ही?” “ठिगळाची आणलीया!” मग ‘अंबाबाई’ की ‘जोतिबा’ यावर एक बैठक, दुसरी बैठक. शेवटी ‘जोतिबा’ ठरले. कारण, एका म्हाताऱ्याने सांगितले, तो डोंगरावर बसतो, त्याच्या पायाला पाणी लागत नाही.

यापेक्षा मोठा वाद बुचाचा. नावेच्या मागे तळाशी एक भोक असते. जमिनीवर असताना त्यातले बूच काढून ठेवायचे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाते. पाण्यात घालताना ते लावायचे. वस्तू सुपारीएवढी. पण इंजिन एका आळीच्या ताब्यात ठेवल्यावर दुसऱ्या आळीने बूच मागितले. महिनाभर अशी स्थिती होती की एका आळीकडे गती आणि दुसरीकडे तरणोपाय. आक्काने तो तंटा मिटवला. तिने सरळ दोन्ही आळीच्या पुढाऱ्यांना बोलावले आणि बूच आपल्या देवघरात, निरांजनाशेजारी ठेवून दिले. “ज्याला पायजे त्यानं देवाम्होरनं उचलून न्यावं,” म्हणाली. दुसरे बूच ट्रॅक्टरवाल्याने गुपचूप करून इंजिनाच्या दांडीला बांधून ठेवले आहे; हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इंजिन पिंपात बुडवून दहा मिनिटे चालवतात. न चालवलेले इंजिन, शिळे पेट्रोल आणि ऐन वेळची धावपळ या तीन गोष्टींपायी कितीतरी चांगल्या नावा दारात उभ्या राहतात. आणि नावेच्या दोन्ही कडांवर हातभर अक्षरांत पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिला आहे: ८. चालवणारा धरून आठ माणसे. मिस्त्री म्हणाला होता, शांत पाण्यात दहा बसतील. दाजींनी आठच लिहायला लावले. ब्रह्मनाळचे कुणी नाव काढले नाही, काढायची गरजही नव्हती.

२०२४ च्या जुलैअखेरीस पंचगंगा पुन्हा धोक्याच्या रेषेवर गेली. पूर २०१९ सारखा नव्हता. पण खालच्या आळीत कमरेइतके पाणी आले, आणि रात्रीतून वाढेल असे सर्वांना वाटले. दुपारी ट्रॉली कलली, नाव पाण्यात गेली. देवघरातले बूच लावले होते. पहिल्या खेपेला शाळेच्या पायऱ्यांवर नऊ माणसे उभी होती: दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण, तिचे आठ दिवसांचे मूल, तिची आई, दोन लहान पोरी, आक्का आणि दाजी. ट्रॅक्टरवाला इंजिनापाशी. त्याने मोजले. तान्हे मूल धरायचे की नाही यावर मागून कुणीतरी बोलू लागले. दाजी म्हणाले, “धरायचं. त्येबी मानूसच हाय.”

म्हणजे दोघे जास्त. आक्का आपण होऊन मागे सरली आणि दाजींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नाव सात माणसे आणि ट्रॅक्टरवाला घेऊन गेली. ती परत येईपर्यंत पाऊण तास दोघे पायऱ्यांवर होते, पाणी तिसऱ्या पायरीवरून चौथीवर आले होते. ट्रॅक्टरवाल्याने नाव पायरीला लावली, आक्काला हात देऊन आत घेतले.

दाजी चढले, बसले, आणि म्हणाले, “तेल किती उरलंय रं? आजून वरच्या मळ्यात चार घरं हाईत.”